तिसाव्या दिवसाचा फोन

अपघातांचे आकडे गोळा करणाऱ्या त्या कचेरीत बाकी सगळं काम तिला आवडायचं. नावडायचा तो फक्त तिसाव्या दिवसाचा फोन. नियमच तसा होता. रस्त्यावर जखमी झालेला माणूस तीस दिवसांच्या आत गेला, तर त्याला मृतांत धरायचं. त्यानंतर गेला, तर कागदावर तो कायमचा जखमी. म्हणून प्रत्येक जखमीच्या घरी तिसाव्या दिवशी फोन लावायचा, "कसे आहेत आता?" विचारायचं आणि मिळेल ते उत्तर रकान्यात भरायचं. पलीकडून कधी हुंदका यायचा, कधी शिव्या.

गेल्या महिन्यात तिच्या दीड वर्षाच्या लेकीचा ताप आठवडाभर उतरेना. रजा संपलेली, सासूबाईंचे गुडघे धरलेले. अंगाने ती कचेरीत आणि जिवाने पाळण्यापाशी. अकरा फोन साचले. शुक्रवारी पाच वाजता, पर्स खांद्याला अडकवूनच, तिने अकराही रकान्यांत एका दमात लिहून टाकलं, 'प्रकृती ठीक'. असतीलच ठीक, तिने मनाला समजावलं. नसते तर कळलं नसतं का? कुणाला आणि कसं, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

आज सकाळी साहेब हातात कागद नाचवतच बाहेर आले. "पंपाजवळचं वळण यादीतून सुटलं! यंदा दोनच मृत्यू." एका जागी वर्षात तीन माणसं गेली की ती जागा धोक्याची ठरायची, मग तिथे गतिरोधक आणि दिवे मिळायचे. दोनवर काही नाही. तीन वाजताच्या बैठकीत यादी पक्की व्हायची होती.

"म्हणजे वळणाला वळण लागलं म्हणायचं!" शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिची नजर समोरच्या नोंदवहीतल्या आपल्याच अक्षरावर गेली. अकरांतला एक त्याच वळणावरचा होता. शिंपीकाम करणारा, वय बेचाळीस, सायकलवर. कारण : भरधाव ट्रक.

जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं आणि नंबर लावला. पलीकडे एक म्हातारी होती.

"अपघात कचेरीतून बोलतेय, आजी. तुमचे चिरंजीव कसे आहेत आता?"

"गेला गं तो. बावीस दिवस झुंजला." म्हातारी जरा थांबली. "ट्रकवाला फिरकला नाही, ना दुसरं कोणी. तू एकटीने विचारलंस बघ. लेकरं आहेत तुला?"

"एक मुलगी आहे."

"औक्षवंत होवो. रस्त्यात हात सोडू नकोस हो तिचा."

म्हातारीने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं. हा आशीर्वाद तिला दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्यासारखा वाटला. तिचे कान तापले होते. बाहेर येऊन तिने काकांना सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" काका हळूच म्हणाले. "दुरुस्ती लिही, 'तेव्हा फोन लागला नाही'. फोन काय गं, लागला तर नशीब! आणि पोर आजारी होती तुझी. कोण नाव ठेवणार आहे?"

काका तिच्याच भल्याचं सांगत होते. ते वाक्य तिने मनात दोनदा लिहून पाहिलंसुद्धा. मग ती उठली.

"साहेब, वळणावर तीन आहेत."

"दोन."

"तीन. शिंपी बाविसाव्या दिवशी वारले. मी फोन केलाच नव्हता. ठीक आहेत असं मनानेच लिहिलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा एकच?"

लेकीचा ताप जिभेच्या टोकावर आला होता. हो म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"अकरा," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा परत चढवला. रागावले असते तर तिला रडता तरी आलं असतं. "काका, वळण यादीत परत घ्या," त्यांनी बाहेर हाक दिली आणि टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "दहा राहिले. तीनच्या आत. बसा इथेच."

त्यांच्यासमोर बसून ती नंबर फिरवू लागली. पहिल्या दोघांकडे खरंच बरं होतं. तिसऱ्याच्या घरी कुणी तरुण होता.

"आज आठवण झाली होय! कशाला फोन केलात? दादा मेला की नाही बघायला?"

खोलीत ते साहेबांनाही ऐकू गेलं. तिने मान वर केली नाही.

"हो. तेच विचारायचं होतं, आणि तेही महिनाभर आधी. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

मग फोन कुणाच्या तरी हाती गेल्याची खरखर.

"बोला," एक थकलेला आवाज आला. "डावा पाय काढला गुडघ्यापासून. पण तुमच्याशी बोलतोय, म्हणजे आहे की."

तिने रकाना भरला, पण फोन ठेवला नाही. "कुणी असतं का जवळ, दिवसा?" तिने विचारलं. असं विचारायला रकाना नव्हता.

"भाऊ असतो. तोच तो, तुमच्यावर ओरडला तो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण पुढचा नंबर दाखवायला उचललेलं बोट तसंच मागे घेतलं. सात बाकी होते.