झिपऱ्याचे मिटलेले डोळे

१९३७ साली शहाद्याच्या नाक्यावर कुत्र्याचा पुतळा बसला, त्या दिवशी गुलशनच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती.

लोणखेड्याच्या मगन पाटलांच्या मळ्यातली खोपी वर्षभरापूर्वी भर दुपारी पेटली, तेव्हा त्यांच्या झिपऱ्याने भुंकभुंकून माणसं गोळा केली. खोपीत झोपलेली पाटलांची तान्ही लेक रंजना वाचली. झिपऱ्या होरपळून मेला. त्याचा पुतळा घडवायचं काम गुलशनच्या नवऱ्याला, वाहिद मिस्तरीला मिळालं. पण कुठल्याही सजीवाचे डोळे कोरायचे नाहीत, ही त्याच्या घराण्याची शिस्त. म्हणून त्याने झिपऱ्याला पंजांवर मान टाकून, डोळे मिटून झोपवलं होतं. पाटलांनी पुतळा नाकारला, तर गावात वाहिदला पुन्हा काम कोण देणार?

फडकं निघालं आणि पाटील कडाडले, “वाहिद, मन्हा झिपऱ्या राखणले कधी झोपना का रे?”

“मिस्तरीलेच झोप लागनी व्हई!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. वाहिदची मान खाली गेली.

गुलशनला राहवेना. “बारा वरीस जागा ऱ्हायना तो, भाऊ. आते तरी झोपू द्या ना त्याले!”

पाटील पुतळ्याजवळ गेले. मग वाकून त्यांनी दगडाच्या कानामागे हळूच खाजवलं.

पाटील पुढे नऊ वर्षं जगले. नाक्यावरून गाडी नेताना त्यांनी बैलांना कधी मोठ्याने हाकारलं नाही. रंजना प्रकाशा गावी नांदायला गेली. वाहिदचा हात म्हातारपणी कापू लागला, तोवर त्याला काम कमी पडलं नाही. तो गेल्यावर गुलशन लेकीकडे अक्कलकुव्याला राहायला गेली.