दरीपलीकडचे लित्तीर

आमच्या भाषेत दरीपलीकडच्या इटालियन गावकऱ्यांना ‘लित्तीर’ म्हणतात. म्हणजे परके. पाचशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज आल्बेनियातून समुद्र ओलांडून इथे, कालाब्रियात आले. तेव्हापासून ते गावकरी आम्हाला परकेच.

ताताच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाडांतल्या मगजात रक्त बनेनासं झालं; दुसऱ्या कुणाच्या तरी हाडांतला मगज त्याला द्यावा लागणार होता. माझा मगज निम्माच जुळला. कुणातरी तरुण माणसाचा पूर्ण जुळायला हवा होता. व्लाशलाला, ताताचा भाऊ, इरेला पेटला. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात त्याने सगळ्या तरुणांच्या गालांतून नमुने घ्यायला लावले. आसपासच्या आल्बेनियन गावांतून गाड्या भरून माणसं आणली.

एकाचाही जुळला नाही.

“दरीपलीकडचं कुणीच कसं नाही?” कोसेंझाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर दोनातेलांनी मला विचारलं.

“ते आमच्यातले नाहीत.”

“मित्रा,” मला नावाने हाक मारत त्या म्हणाल्या, “तुमच्या किती आज्या-पणज्या तिकडून लग्न करून आल्या आणि इथलं नाव घेऊन मेल्या, ठाऊक आहे? रक्ताला भाषा नसते, बाई.”

हे मी व्लाशलालाला सांगितलं. “आता लित्तीरांपुढे हात पसरायचे?” तो ओरडला. “भाऊ मेला तरी चालेल?” मी विचारलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी एकटीच दरीपलीकडे गेले. त्यांच्या कॉफीच्या दुकानात पत्ते चालले होते. मी ताताचं सगळं सांगितलं.

“लग्नात आमच्याबरोबर नाचायला लाज वाटते, आणि आता आमची हाडं हवीत होय?” एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले. मग त्यानेच आतल्या पोरांना हाक मारली, “चला रे, तोंडं उघडा! नाहीतरी दिवसभर उघडीच असतात.”

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. “जुळलं. नाव विचारू नकोस. दरीपलीकडचंच आहे.”

ताताला मीच सांगितलं. सगळा जन्म तो त्या गावाकडे पाठ करून बसला होता.

“लित्तीर?”

“हो, ताता.”

“म्हणजे आता त्यांच्या मिरवणुकीत मला ढोल बडवावा लागणार.” मग त्याने माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता. “विचार ना गं त्यांना, जरा लवकर देता येईल का?”

त्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मगज द्यायची तारीख ठरली, ताताला हॉस्पिटलात दाखल केलं. त्याच्या आदल्या दिवशी ताताला ताप चढला. दुपारपर्यंत तो मला आईच्या नावाने हाका मारू लागला. डॉक्टर त्याच्या खोलीतून बाहेर आल्या.

“अशा अंगाला मगज देता येत नाही. तिकडे कळवायला हवं.”

“आज नका कळवू.”

“मित्रा, ती पोरगी हॉस्पिटलात येऊन बसली आहे.”

“बसू दे ना. उद्यापर्यंत बसेल ती. मी जाऊन पाया पडते तिच्या.”

“कुणाच्या पडशील? नाव मी सांगू शकत नाही.”

तरीही मी खालच्या मजल्यावर गेले. बाकांवर पाच-सहा मुली होत्या. कुणी फोनवर बोलत होती, कुणी संत्रं सोलत होती. सगळ्याच मला आमच्या घरातल्या वाटल्या. मी कुणापुढेच वाकू शकले नाही. तेवढ्यात जिन्यावरून व्लाशलालाने मला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं, ताता गेला.