टाळी

माझ्या नवऱ्याने आजवर निदान दहा-बारा डोंगरांवर घरं घेतली आहेत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी एक, राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत एक. तोरण्यावर तर त्याने दुमजली बंगला घेतला होता, आणि उतरताना पाय मुरगळला तेव्हा रागाच्या भरात विकूनही टाकला. लग्नाआधी मी त्याच्याबरोबर ट्रेकला जायचे तेव्हा मला हे फार रोमँटिक वाटायचं. लग्नानंतर कळलं, की पुण्याच्या ट्रेकवाल्यांत हे सगळेच करतात. वर पोचायचं, घाम पुसायचा आणि समोरच्या दरीकडे बघत म्हणायचं, “यार, इथे एक घर पाहिजे.” दुसरा म्हणतो, “घेतलं!” मग टाळी, मग डबे. डबे संपले की घरही संपलं.

यात आपली भाषाही सामील आहे. ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसतो. ‘झालंच’ म्हणजे अजून सुरुवात व्हायची आहे. माझ्या नवऱ्याला, विनायकला, तर कुठलीही गोष्ट करण्याआधी ती झाल्याचं सांगून टाकायची घाई. नळ गळतोय म्हटलं की “केला”, पडदे उतरवायचेत म्हटलं की “उतरवले”. मी चिडते, तो हसतो, नळ गळत राहतो.

त्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला आलो आणि आल्मेरेत घर घेतलं. हे मात्र खरोखरचं, कर्ज काढून, विनायकचे केस पिकेपर्यंत फेडायचं. समुद्र मागे सारून केलेली ही जमीन. इथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. डोंगर बघायचे तर देशाच्या पार दक्षिणेला, लिंबुर्गमध्ये जावं लागतं, आणि तिथला सगळ्यात उंच डोंगर पुण्यात असता तर आपण त्याला टेकडीच म्हटलं असतं. तरी आम्ही दोघं आणि कापेल गावात राहणारे आमचे मित्र यशोधन-मीनल असे चौघं, अधूनमधून शनिवारी पाठीला सॅक लावून तिकडे जायचो. सवय ती सवय.

तिथे एका गावाबाहेर चढावर शेफकाकांचं घर होतं. शेफ हे त्यांचं नाव, स्वयंपाकाशी त्याचा काही संबंध नाही, तिकडच्या जुन्या माणसांत ते असतं. पांढऱ्या भिंती, काळ्या लाकडी तुळया, मागे सफरचंदांची बाग. डोंगरावर जाणारी पायवाट त्यांच्या बागेतूनच जायची. बागेला लाकडी झुलतं फाटक होतं, त्याला कुलूप नव्हतं, कुणीही यावं आणि जावं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस लागला होता. काकांनी आम्हा चौघांना आत बोलावलं, कॉफी दिली आणि फ्लाय दिली, म्हणजे तिकडचा फळांचं सारण भरून भाजलेला गोल केकसारखा पदार्थ. डच घरी कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा लगेच बंद होतो, हे आम्हाला एव्हाना पाठ होतं. या माणसाने न विचारता दुसरा तुकडा वाढला. तेव्हापासून ते आमचे काका.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये आम्ही गेलो तेव्हा बाग फुलली होती आणि दारात पाटी होती. ‘ते कोप’, म्हणजे विकणे आहे. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघे आता जिना चढू देत नव्हते. खालच्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांत त्यांना एक जागा मिळत होती.

“एकजण बघून गेला,” काका सांगत होते. “हार्लेमचा आहे. माणूस वाईट नाही. पण फाटकाला कुलूप घालणार म्हणतो. त्याच्या बागेतून लोक गेलेले त्याला नकोत. ही वाट माझ्या आजोबांनी ठेवलेली आहे हो. इतक्या वर्षांत कुणाला अडवलं नाही.”

आम्ही घरासमोरच्या बाकावर बसलो होतो. समोर हिरवी दरी, हातात बशा. पुढे काय येणार ते मला दिसायलाच लागलं.

“यार, काय घर आहे!” यशोधन म्हणाला.

“घेतलं!” विनायक म्हणाला. आणि संध्याकाळच्या क्लासात शिकलेलं डच वाया जाऊ नये म्हणून काकांकडे वळून तेच डचमध्ये म्हणाला, “खेकॉख्त!” आणि टाळीसाठी हात पुढे केला.

काका त्या हाताकडे बघतच राहिले. मग विनायकच्या तोंडाकडे. मग त्यांनी आपला जाडजूड तळवा वर उचलला आणि खाडकन त्याच्या हातावर मारला. आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, एकटा माणूस, चार लोकांची सोबत बरी वाटली असेल.

मग मी तरी कशाला मागे राहते! घरात फिरून आले. “ही आमची झोपायची खोली,” असं म्हणून झालं. पुढच्या खोलीत भिंतीवर हात ठेवून काकांना विचारलं, “इथे सकाळचं ऊन येतं का? मग इथे माझे देव. रोज सकाळी दिवा लावते मी.” येतं, काका म्हणाले. निघताना विनायकने त्यांना आपलं कार्ड दिलं आणि सांगितलं की आम्ही सुटीत पुण्याला चाललोय, आता सप्टेंबरमध्ये भेटू.

त्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे आमच्या गल्लीत घरोघरी केशरी पताका लागल्या होत्या. आम्ही पुण्याला गेलो, नातेवाईक झाले, लग्नं झाली, परत आलो. त्या घराचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये चढ चढून गेलो तर दारात पाटी नव्हती.

“गेलं वाटतं घर,” मीनल हळहळली.

बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. “आलात! या, या. आता तुमच्याच घरात या,” ते म्हणाले.

आम्ही आत गेलो. भिंतींना ताजा पांढरा रंग होता. सामान खोक्यांत भरून कडेला लावलेलं होतं. आणि पुढच्या खोलीत, मी हात ठेवला होता नेमक्या त्याच जागी, एक फळी लावलेली होती. गडद लाकडाची, हाताने तासलेली, पुढच्या बाजूला बोटभर उंच पट्टी.

“बागेतलं अक्रोडाचं झाड वादळात पडलं, त्याची केली,” काका मला म्हणाले. “पट्टी अशासाठी, की तुमचा दिवा घसरू नये.”

काकांना वाटलं, आम्ही आनंदाने गप्प झालो आहोत. ते सांगत सुटले. पाटी त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकली होती. हार्लेमच्या माणसाचा पुन्हा फोन आला, त्याला नाही म्हणून सांगितलं. त्यांचा माकेलार, म्हणजे दलाल, कागद कुठे, सही कुठे म्हणून मागे लागला होता.

“मी म्हटलं, बाबा रे, मी जन्मभर गुरांचा व्यापार केला. आमच्या बाजारात टाळी पडली की गाय घेणाऱ्याची. मग मागून दुसरा कितीही भाव देऊ दे. माझ्या बापाने टाळी मोडली नाही, मीही कधी मोडली नाही.” मग विनायकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “इतक्या लांबून आलेल्या माणसाला आमची ही रीत कशी ठाऊक, याचंच मला नवल वाटलं. आजकाल आमच्या पोरांनाही ती माहीत नाही. आता फक्त नोटरीकडे जाऊन यायचं. पुढच्या आठवड्यात जमेल?”

मी विनायककडे बघत होते. आता बोल, आत्ता, या क्षणी बोल. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “हो, हो. कळवतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी फ्लाय कापली होती, सगळ्यांना दोन-दोन तुकडे वाढले होते.

परतीच्या बसमध्ये यशोधन म्हणाला, “अरे, तू टेन्शन घेऊ नकोस. मी गेल्या वर्षीच घर घेतलंय ना, मला सगळं माहितीये. सही करेपर्यंत लीगली काहीही बाइंडिंग नसतं. यू आर सेफ.”

विनायकने सुटल्यासारखा श्वास सोडला. तो ऐकून मला त्याची लाज वाटली. माझाही श्वास सुटला होता, त्याची जास्त वाटली.

त्यानंतर रोज मी विचारायचे, फोन केलास का? “केलाच समज,” तो म्हणायचा. एका संध्याकाळी काकांचाच फोन आला. विनायक समोर सोफ्यावर बसलेला. त्याने हातानेच खूण केली, मी नाहीये. आणि मी, रोज देवापुढे दिवा लावणारी बाई, म्हणाले, “ते अंघोळीला गेलेत.”

“असू दे, असू दे,” काका म्हणाले. “घाई नाही. फक्त खालच्या गावातली जागा तिथले लोक महिनाअखेरपर्यंतच माझ्यासाठी धरून ठेवणार आहेत. तेवढं सांगा.”

फोन ठेवला आणि मग मी विनायकला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. “उद्या जायचं,” मी म्हटलं. “फोनवर नाही. समोर बसून. आणि तू सांगायचंस, मी नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. काकांनी खोक्यातून तीन कप पुन्हा बाहेर काढले. विनायकने सांगितलं. मोडक्या डचमध्ये, अडखळत, खाली बघत सांगितलं. आमच्यावर आधीच एका घराचं कर्ज आहे. दुसरं घर आम्हाला झेपणार नाही, तेव्हाही झेपण्यासारखं नव्हतं. ती टाळी आमच्याकडे गमतीची असते. तो शब्दही गमतीचा होता.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. मी मनातून म्हणत होते, ओरडा, हाकलून द्या. ते नुसते बसून राहिले, आपल्याच तळव्यावर अंगठा फिरवत.

“म्हणजे तुमच्याकडे ‘घेतलं’ म्हणतात, तेव्हा घेतलेलं नसतं?” शेवटी त्यांनी विचारलं. चिडून नाही, समजून घ्यायला.

“नसतं,” विनायक म्हणाला.

“आणि खरोखर घेतात, तेव्हा काय म्हणतात?”

विनायकने शब्द शोधला. मीही विचार करून बघितला.

“तेच,” तो म्हणाला.

“मग कळतं कसं?”

आम्ही एकमेकांना कळतो, एवढंच सांगता आलं असतं, आणि ते सांगायची हिंमत झाली नाही.

काका उठले आणि आमच्यासमोरच त्यांनी दलालाला फोन लावला. हार्लेमच्या माणसाला अजून घर हवं असेल तर विचार म्हणाले. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा, कारण काका म्हणाले, “फाटकाचं काय करायचं ते तो ठरवेल. माझी आता अट नाही.”

फोन ठेवून ते पुढच्या खोलीत गेले. मागोमाग आम्ही गेलो तर ते पेचकस घेऊन फळीचे स्क्रू काढत होते. “मी काढतो,” म्हणून विनायक पुढे झाला.

“नको. मी लावली, मीच काढतो.”

त्यांनी फळी वर्तमानपत्रात गुंडाळली, स्क्रू आगपेटीत घालून ती आगपेटी फळीला दोऱ्याने बांधली. “त्या माणसाला हिचा काही उपयोग नाही,” ते मला म्हणाले. “तुमच्या मापाची आहे. घेऊन जा.”

दारात विनायकने निरोपासाठी हात पुढे केला. काकांनी त्या हातात फळी ठेवली.

बरेच दिवस ती फळी आल्मेरेच्या घरात, जिन्याखाली, वर्तमानपत्रासकट भिंतीला टेकून उभी होती. जाता-येता तिच्याकडे न बघायचं आम्हाला दोघांनाही चांगलं जमायला लागलं होतं. शेवटी एका रविवारी सकाळी मीच म्हटलं, “विनायक, ती फळी लावणार आहेस का?”

“लावली,” तो म्हणाला.

सवयीने म्हणाला. पण या वेळी तो शब्द आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हातातला चहा तसाच ठेवून तो उठला, ड्रिल आणलं आणि ऊन येतं त्या भिंतीवर काकांच्याच स्क्रूंनी फळी लावली.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटातून देव आणले. फळी खरंच आमच्या मापाची होती. दिवा लावला, पुढच्या पट्टीला टेकवून ठेवला. तो जागचा हलला नाही. काकांना मी कधी देव दाखवले नव्हते, की दिवा दाखवला नव्हता. नुसत्या शब्दांवर त्यांनी माप काढलं होतं.

मी हात जोडले. विनायक शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही जोडण्यासाठी हात वर आणले, पण टाळीसारखा तळव्याला तळवा लागायच्या आत तो थांबला, त्या दोन्ही हातांकडे बघत राहिला आणि त्याने ते खाली घेतले. एरवी तो नमस्कार न करता निघाला तर मी मागून ओरडते. त्या दिवशी मी नुसती दिव्याची वात पुढे सारली.