खुंट्याला न बांधलेले सत्तर

दिनकररावांचं बियाणं बाद ठरलं, ही बातमी पेडगावात चहाला उकळी फुटायच्या आत पसरली. पसरणारच. ज्यांच्या घरचं सोयाबीन अर्धं गाव बी म्हणून मागून नेतं, नेमकं त्यांच्याच नावापुढं 'बाद' आणि बाकी एकतीस घरांपुढं 'चालेल'. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पाठवली होती सविताने, आणि यादीत पहिलं नाव होतं तिच्याच सासूचं. मग लोक बोलल्याशिवाय राहतात होय?

सविता गावची कृषीसखी. पेरणीआधी घरोघरचं बी उगवतंय का, ते तपासायचं काम तिचं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगं. कोंब तिने स्वतः मोजले, बचत गटाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आकडे भरले आणि निकाल लावायचं काम सूत्रावर सोपवलं. वर शहाणपण असं केलं, की ग्रुपवर यादी टाकताना आकड्यांचा रकानाच लपवला. कुणाचे एकाहत्तर, कुणाचे नव्वद, हे कळलं की गावात उणीदुणी निघतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकलेल्या मुठीत काय आहे ते आपण तरी एकदा बघावं, हे तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांच्या पत्नी पार्वतीबाई दारात आल्या. भांडायला नव्हे. यांनी कालपासून भाकरीचा तुकडा मोडला नाही, म्हणाल्या, आणि आज टेम्पो सांगितलाय. नऊच्या नऊ पोती परभणीच्या मोंढ्यात विकून टाकणार. तिथून ते बी तेलाच्या गिरणीतच जायचं.

"तू मोजलंस म्हंजी खरंच असंल," त्या जाता जाता म्हणाल्या. "पर एकदा बघ माय."

त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. सविताने घाईघाईने लॅपटॉप उघडून लपवलेला रकाना उघडा केला. दिनकरराव, अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी आणि बाद? तिची नजर खाली घसरत गेली आणि शेवटून तिसऱ्या नावावर थांबली. भागवत, एक्केचाळीस, चालेल. आता मात्र तिला घाम फुटला. चार एकरवाला भागवत या निकालाच्या भरवशावर पेरून बसला असता, तर त्याचं निम्मं रान रिकामं राहिलं असतं.

ती एकेका ओळीवर जाऊन सूत्र वाचू लागली. सत्तर हा आकडा तिने एकदाच, बाजूला ई रकान्याच्या दुसऱ्या ओळीत, ई-दोन या घरात लिहिला होता. त्याच्याखाली ई-तीनमध्ये, मांडलेले दाणे म्हणून शंभर. त्याखाली काहीच नाही. पहिल्या नावापुढं सूत्र विचारत होतं, कोंब निदान ई-दोनएवढे आहेत का? बरोबर. तेच सूत्र तिने कोपऱ्याला धरून खाली ओढलं होतं. ते एक ओळ उतरलं, तसं त्यातलं ई-दोनही एक घर उतरून ई-तीन झालं होतं. म्हणजे यादीत दुसऱ्या असलेल्या दिनकररावांकडं शंभरातले शंभर कोंब मागितले होते. आणि त्यांच्यानंतर गाठ रिकाम्या घरांशी. रिकाम्याला यंत्र शून्य धरतं, मग शून्याच्या परीक्षेत कोण नापास होणार?

जे घर हलू द्यायचं नाही त्याच्या अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लावा, असं प्रशिक्षणात बाईंनी बजावलं होतं. पण पहिल्या ओळीत त्याच्यावाचून बरोबर आलं, तेव्हा सविताला ते नुसतं नटवणं वाटलं. आता तिने दोन्ही चिन्हं लावली आणि सूत्र पुन्हा खाली ओढलं. दिनकरराव, चालेल. भागवत, बाद. बाकी सगळे होते तसेच. तिला हसू आलं आणि रडूही. चूक माझी, दिनकरमामांचं बी चांगलं आहे, एवढं ग्रुपवर टाकून ती लॅपटॉप पोटाशी धरून धावत सुटली.

सात पोती टेम्पोत चढली होती. सविताने धापा टाकत सगळं सांगितलं, बोटाने घरं दाखवली, माफी मागितली. दिनकररावांनी चष्मा सावरत पडदा पाहिला.

"म्हंजी सत्तराला खुंट्याला बांधलंच न्हाई," ते म्हणाले. "मग ते वासरू भटकणारच की."

मग ते खाली राहिलेल्या पोत्यावर मटकन बसले. "बियाचं काय न्हाई गं सूनबाई. चाळीस वर्सं ह्या हातानं बी निवडायलोय. मला वाटलं, आपली नजरच गेली."

पार्वतीबाईंनी पदराने डोळे पुसले. सविताला आता कुठं नीट श्वास घेता आला.

जरा वेळाने दिनकररावांनीच विचारलं, की आपलं वर आलं म्हणजे कुणाचं तरी खाली गेलं असेल ना. सविताने लॅपटॉप मिटला. याच्याचसाठी तर आकडे झाकले होते.

"नाव सांगू नको," ते म्हणाले. त्यांनी टेम्पोतली पाच पोती उतरवून घेतली, दोन तशीच राहू दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं, ही सविता दाखवील त्या दारात टाक. सविता पुढं बसली. टेम्पो सुरू झाला तसे दिनकरराव वळले, आणि तो कुठल्या आळीत शिरतो ते बघायला न थांबता घरात जाऊन त्यांनी भाकरी मागितली.