एकट्याची खोली

“रात्रीची गाडी नको,” कॅशियर म्हणाला आणि त्यानं नकाशावरचं बोट उचललं.

पंखेवाल्याला नवल वाटलं. अ‍ॅमस्टरडॅमहून व्हिएन्नाला रात्रीच्या गाडीनं जायचं ही कल्पना मुळात कॅशियरचीच. संध्याकाळी गाडीत चढायचं, डोळे उघडले की नवं शहर, असं तो गेले कित्येक रविवार ज्याला त्याला रंगवून सांगत होता. आणि आज एकदम नको.

“का रे? तूच तर नाचत होतास.”

“डब्यात सहा जण असतात. आपण चौघं, बाकीचे परके. त्यांना उगाच त्रास.”

“आपला कसला त्रास? आपण काय तिथं वरात काढणार आहोत?”

कोणी हसलं नाही. शिंपीमास्तर कपातल्या चहाकडे बघत बसला. कंपाउंडरनं टेबलावरचं पंख्याचं पातं उचललं, उलटं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

हे चौघं सकाळी एकत्र फिरायला जाणारे मित्र. कॅशियर आणि कंपाउंडर निवृत्त झालेले, शिंपीमास्तरचं दुकान मुलानं घेतलेलं, आणि पंखेवाला अजून स्वतःच्या दुकानात पंखे-मिक्सरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचा. चौघांपैकी एकानंही आजवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यामुळे निघाले ते एकदम पाच शहरं आणि नऊ रात्री असा बेत घेऊन. दर रविवारी पंखेवाल्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून सभा भरायची. कॅशियरकडे तिकिटं आणि हॉटेलं, कंपाउंडरकडे औषधं. शिंपीमास्तरनं चौघांसाठी आतून पासपोर्टचा खिसा असलेली जाकिटं शिवली होती आणि ती घालून चौघंही एका लग्नातल्या बँडवाल्यांसारखे दिसत होते. पंखेवाल्यानं तिकडच्या भिंतीत बसतील अशा पिना मिळवून चौघांच्या चार्जरना लावून दिल्या होत्या. युरोपात तुम्हा तिघांना अंधारात ठेवणार नाही, असं तो म्हणायचा.

“बरं, गाडी राहू दे,” पंखेवाला म्हणाला. “हॉटेलांचं सांग. दोन खोल्या ना?”

“मी आणि मास्तर एका खोलीत,” कॅशियर म्हणाला.

“मग मी आणि कंपाउंडर.”

कंपाउंडर घाईघाईनं म्हणाला, “मी यांच्यातच जादा खाट टाकून घेईन म्हणतो. तुला आपण एकट्याची खोली घेऊ. ऐसपैस.”

“मला कशाला ऐसपैस? मी काय लग्न करून चाललोय?”

पुन्हा कोणी हसेना, तेव्हा मात्र पंखेवाल्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी कंपाउंडरच बोलला. आयुष्यभर लोकांना इंजेक्शनं दिलेला माणूस, टोचायचंच तर पटकन टोचावं हे त्याला ठाऊक.

“तू घोरतोस रे.”

“घोरतो तर सगळेच.”

“सगळे घोरतात तसं नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नाला आपण एका खोलीत झोपलो होतो, आठवतं? आम्ही तिघं पहाटे व्हरांड्यात सापडलो तुला.”

“पंखा वाजत होता म्हणून सांगितलंत.”

“मग काय सांगणार होतो?”

पंखेवाल्याला सगळं आठवलं. त्या सकाळी तो स्टुलावर चढला होता, पंखा खाली उतरवून उघडला होता, तेल घातलं होतं. लग्नघरची माणसं कौतुकानं बघत होती आणि हे तिघं खाली उभे राहून स्टूल धरत होते. पंख्यात काही दोष सापडला नव्हता. तरी आता बघा, चूं करणार नाही, असं तो छातीवर हात मारून म्हणाला होता. त्याच्या हातून गेलेला पंखा आवाज करत नाही ही त्याची सगळ्या बाजारात ख्याती. त्याचे कान लाल झाले.

“मग माझं नावच काढा,” तो म्हणाला. “तुम्ही तिघं जा.”

“अरे, तसं नाही—”

“काढा म्हणतो ना.” आणि त्यानं नकाशाची घडी घातली. ती नीट जमली नाही.

घरी बायको जेवणाची पानं घेत होती. घर दोन खोल्यांचं, मधे दाराऐवजी पडदा. हात धुता धुता त्यानं विचारलं, “अगं, मी घोरतो का?”

तिचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“ते तिघं दीडशहाणे.”

“थोडंफार सगळेच घोरतात.”

“तुला त्रास होतो?”

“मला काय होतंय? मी एकदा पडले की मेल्यासारखी झोपते. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना.”

हे खरं होतं. तो सगळ्यांना सांगायचा. बायकोची झोप हा त्याच्या बोलण्यातला हुकमी पत्ता होता. ही भाजी निवडताना झोपते, टीव्हीसमोर झोपते, पाहुणे समोर असताना बसल्या बसल्या पेंगते, कुंभकर्णाची धाकटी बहीण आहे, माझ्या नशिबी आली. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिचा डोळा लागला होता, तो किस्सा तर त्यानं इतक्यांदा सांगितला होता की जावईसुद्धा पुढचं वाक्य आधी म्हणायचा. ती हसायची. तिला बालवाडीत नोकरी होती तेव्हाचीही गोष्ट होती. दुपारी पोरांना झोपवता झोपवता तीच झोपली, दोन पोरं फाटकाबाहेर गेली. रस्त्यावरच्या कुणीतरी आणून दिली म्हणून निभावलं. बालवाडीच्या मुख्य बाईंनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ती नोकरी तिला फार आवडायची. त्याचाही त्यानं विनोदच केला होता: पोरं जागी आणि बाई झोपलेल्या, अशी शाळा आमच्याच घरात.

“मी जात नाही म्हणून सांगून आलोय त्यांना,” तो म्हणाला.

बायकोचा चेहरा उतरला. “असं काय करता? इतकी तयारी झाली.”

“गेली तयारी खड्ड्यात. एकट्याची खोली म्हणे. मी काय महारोगी आहे?”

“घ्या ना एकट्याची. काय बिघडलं? नऊ रात्रींचाच तर प्रश्न आहे. जा हो तुम्ही.”

ती एरवी कशाचा हट्ट धरणारी नव्हती. आज मात्र जेवण होईपर्यंत तिनं ‘जा’चा जप सोडला नाही. तूही चल असं त्यानं सुरुवातीला म्हटलं होतं, तेव्हा ती लगेच म्हणाली होती, मला नको, तुम्ही मित्र मित्र जा, मी घरी बरी. बायको असावी तर अशी, असं त्याला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटलं.

त्या तिघांना मात्र खोटं पाडायचंच, हे त्यानं ठरवलं. झोपताना त्यानं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, चार्जरला जोडला आणि उशाशी ठेवून दिला. बायकोला काही सांगितलं नाही. सकाळी दुकानात जाऊन शटर अर्धं वर केलं, स्टुलावर बसला आणि मोबाईल कानाला लावला.

आधी नुसताच पंख्याचा वारा. आपला पंखा किती गुपचूप चालतो, याचं त्याला बरं वाटलं. मग काहीतरी कोसळल्यासारखा आवाज आला आणि त्यानं दचकून मोबाईल कानापासून लांब धरला. बेअरिंग पार कोरडं पडलेली मोटार माणसं दुकानात आणतात, अगदी तसा आवाज. तो वाढत गेला, खरखरत वर चढला आणि मधेच बंद पडला. आता संपला म्हणावं तोच घशात अडकलेलं काही फुटल्यासारखा पुन्हा सुरू झाला. हे आपण आहोत हे त्याला पटायला वेळ लागला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी तो ओशाळला. उठून त्यानं शटर आणखी खाली ओढलं.

मित्रांनी फक्त एक रात्र ऐकलं होतं आणि पंख्यावर ढकललं होतं. भली माणसं म्हणायची. बस, एवढंच, आता बंद करावं, असा विचार करून त्यानं बोट पुढे केलं, तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

“अहो.” बायकोचा आवाज. अगदी हळू. “अहो, कुशीवर व्हा ना.”

मग त्याचं स्वतःचं वैतागलेलं हुंकारणं, खाट करकरल्याचा आवाज, आणि शांतता. शांतता फार टिकली नाही.

त्यानं रेकॉर्डिंग पुढे ढकललं. घोरणं. बांगड्या. “अहो.” आणखी पुढे ढकललं. परत तेच, परक्या माणसाला जागा मागावी तशा अजिजीनं: “अहो, जरा कुशीवर.” आणखी पुढे पावलं वाजली, पडद्याच्या कड्या सरकल्या, स्वयंपाकघरात नळ सुटला, खुर्ची ओढली गेली. बराच वेळ तिचा काहीच आवाज नाही, त्याच्या घोरण्याचा मात्र अखंड. मग पावलं परत आली. खाटेवर टेकता टेकता ती स्वतःशीच पुटपुटली, “आता तरी.” आणि पुन्हा घोरणं.

त्यानं अगदी शेवटचा तुकडा लावला. भांड्यांचा आवाज, कपबशी, आणि तिचा स्वच्छ, सकाळचा आवाज: “उठा, चहा ठेवलाय.” त्यावर तो स्वतः, जांभई देत: “झाली का झोप महाराणींची?”

आणि ती हसली होती.

पंखेवाल्यानं मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कधी सांगितलं नाही असंही त्याला म्हणता येईना. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिनं सांगितलं होतं, लाजत, हसत. तेव्हा तो भडकला होता. माझ्या घरात मी श्वाससुद्धा विचारून घ्यायचा का, असं म्हणाला होता, आणि तिच्याशी कित्येक दिवस बोलला नव्हता. हे तो साफ विसरून गेला होता. ती विसरली नव्हती, म्हणून पुन्हा कधी बोलली नाही. बालवाडीतून तिला काढलं त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि त्यानं विचारलं होतं, तिथंही झोपलीसच का? त्या वेळी ती त्याला खरं काय ते सांगू शकली असती. सांगितलं असतं तरी आपण ऐकून घेतलं नसतं, हेही त्याला कळत होतं, आणि त्याची लाज सगळ्यात जास्त वाटत होती.

मग ‘नऊ रात्रींचाच तर प्रश्न आहे’ हे तिचं बोलणं त्याला आठवलं. तिच्या ‘जा’ म्हणण्यात मनाचा मोठेपणा किती आणि थकवा किती, हे आता कोणी उलगडून सांगायची गरज नव्हती. मोजून नऊ रात्री तिच्या वाट्याला येणार होत्या, आणि त्याही त्यानं काल रागाच्या भरात घालवून टाकल्या होत्या.

कामात हात चालेना. एक मोटार त्यानं उलटी गुंडाळली आणि परत सोडली. दुपारी नेहमीच्या आधीच दुकान बंद करून तो घरी गेला. आज रात्रीपासून दुकानातच अंथरूण टाकायचं हे त्यानं वाटेत ठरवलं. पण का, ते तिला सांगायला तोंड कुठून आणायचं ते ठरेना. वाक्य जुळवत जुळवत तो दारापर्यंत आला. बेलला हात लावणार तोच खिडकीतून त्याला ती दिसली.

खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. मान एका खांद्यावर कललेली, मांडीवर निवडायला घेतलेल्या शेंगांचं ताट, एक शेंग अजून बोटांत. तोंड किंचित उघडं. कालचा तो असता तर त्यानं बेलवर अंगठा दाबून धरला असता आणि ती दचकून उठली की हसला असता. तिचे डोळे किती खोल गेलेत हे त्याला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यानं हात मागे घेतला आणि तो पायरीवर बसला.

वरच्या मजल्यावरची काकू पिशवी घेऊन जिना चढताना थांबली. “का हो, बेल बिघडलीय की काय? तुमच्याच घरची?”

“चालू आहे,” तो हळू म्हणाला.

“मग बाहेर का बसलात?”

“असाच.” काकूनं जरा वेळ वाट पाहिली आणि ती वर गेली.

त्याला भूक लागली होती. त्यानं मोबाईल काढला आणि कॅशियरला फोन लावला.

“माझं नाव काढलंस का रे?”

“अजून नाही. हे बघ, कालचं मनावर घेऊ नकोस—”

“काढू नकोस. मी येतोय. एकट्याची खोली सांग. सगळ्या शहरांत.”

“काय? मोठ्यानं बोल जरा, काही ऐकू येत नाही.”

“मोठ्यानं नको. घरात ती झोपलीये.”

“वहिनी? या वेळेला?” कॅशियरच्या आवाजात हसू होतं. हे हसू त्याला कोणी शिकवलं होतं ते पंखेवाल्याला ठाऊक होतं.

“रात्री मी झोपू देत नाही तिला,” तो म्हणाला. “कधीच झोपू दिलं नाही.”

पलीकडचं हसू थांबलं. मग कॅशियर म्हणाला, “बरं. एकट्याची सांगतो,” आणि त्यानंही आवाज खाली आणला होता.

फोन ठेवल्यावर पंखेवाला तिथंच बसून राहिला. ऊन पायरीवर आलं तसा तो सरकला. पाठ अवघडली होती, पण त्यानं ती दाराला टेकू दिली नाही. दाराची कडी सैल होती, जरा धक्का लागला की वाजायची.