कोण पाहतंय?

दीपमाला पुण्याहून आली ती ॲप सुधारायला, आणि विमलबाईंच्या डोक्याला ताप झाला. बहिणीची लेक, हुशार, सिनेमा-मालिकांच्या ॲपचे पडदे आखायची नोकरी. सगळं कौतुक मान्य. पण जे धड चाललंय त्याला हात कशाला लावायचा, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. येताना पोरीने केजहून फरसाण आणलं होतं. फरसाणाने काय होतंय?

नवं ॲप सगळीकडे जायच्या आधी खेड्यातल्या माणसांना ते जमतं का, हे तिला बघायचं होतं. म्हणून दुपारी मावशीच्या खात्यावर ते चालू करून, तिला ओसरीवर बसवून, हातात फोन देऊन ती वही उघडून बसली.

एरवी ॲप उघडलं की समोर विमलबाईंची मालिका यायची आणि चित्राखाली लाल रेषा, कुठवर पाहून झालं ते दाखवणारी. आज काळा पडदा आला, त्यावर पाच बिननावाची गोल तोंडं आणि एक प्रश्न: कोण पाहतंय?

"माझी रेषा कुठं गेली?" विमलबाईंनी विचारलं.

दीपमालाने समजावलं. आता घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं आणि रेषाही वेगळी. दुसऱ्याने काय पाहिलं याची आपल्याला कटकट नाही. वर्षभर साहेबांशी भांडून तिनेच हे मंजूर करून घेतलं होतं.

ती कटकटच तर विमलबाईंना हवी होती.

हे खातं दोन फोनांवर चालायचं, एक त्यांचा आणि दुसरा सून करिष्माचा. करिष्मा आणि मुलगा रामेश्वर दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे गेले ते सहा वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला घेऊनच. पोरीची शाळा बुडवू नको, माझ्याजवळ ठेव, असं विमलबाई म्हणाल्या होत्या. लेकराला सोडून मला करमायचं नाही, असं करिष्मा म्हणाली, आणि मग दोघी बोलू नये ते बोलल्या. तेव्हापासून अबोला. मुलगा रविवारी फोन करायचा आणि थंडीवाऱ्याचं बोलून ठेवून द्यायचा. बायको कशी आहे हे आपणहून सांगायला मेल्याची जीभ झडत होती का, कोण जाणे.

उरली ती रेषा. संध्याकाळी कोपीवर, पाचटाच्या त्या झोपडीत, स्वयंपाक उरकला की करिष्मा दहा-पंधरा मिनिटं मालिका लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी विमलबाईंना रेषा पुढे सरकलेली दिसायची. म्हणजे सून जेवली, घटकाभर टेकली, ठीक आहे. मग त्या मागे जाऊन तेवढाच भाग बघायच्या आणि तिने सोडलं तिथेच थांबायच्या. एकदा बघताना डुलकी लागली आणि मालिका तीन भाग पुढे पळाली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर रेषा मागे, बरोबर जागेवर आणून ठेवलेली. त्या दिवशी त्यांना फोन करावासा वाटला होता. केला मात्र नाही.

यातलं अक्षरही त्या भाचीला सांगणार नव्हत्या. सुनेशी भांडायचं आणि वर तिचीच वाट बघायची, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दीपमालाने तीनदा विचारलं, तुझं नाव टाकू का. तिन्ही वेळा त्या नको म्हणाल्या. मग ती बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने बोलू लागली. "मावशी, लई सोपं हाय गं." सोपं म्हणे. या पोरीला सोपं काय आणि अवघड काय, हे कधी कळायचं होतं?

"जुनी रेषा कुणाला जाणार?" विमलबाईंनी शेवटी विचारलं.

"पहिलं नाव ज्याचं टाकू त्याला. बाकीच्यांचं नव्यानं सुरू."

"मग एकच टाक. करिष्मा."

अडीच महिन्यांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

"आणि तुझं?"

"लागत न्हाई."

दीपमालाने सुस्कारा सोडून वहीत लिहिलं: यांना स्वतःचं नाव जोडता आलं नाही. विमलबाईंनी ते तिरक्या नजरेने वाचलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दिवेलागणीला फोन वाजला. रविवार नव्हता. पलीकडे करिष्मा होती.

"आत्या, काळा पडदा आलाय. त्येच्यात नाव माझं एकटीचंच हाय. तुमचं कावून न्हाई टाकलं?"



"मी तुझ्यातच बघते," विमलबाई म्हणाल्या.



"ठावं हाय मला," करिष्मा म्हणाली. "मला तर त्यातलं निम्मं कळत बी न्हाई, आत्या. बसल्या बसल्या डोळे मिटत्यात. पर रोज तेवढी रेषा सरकवून झोपते."