चॅनल एक

रथसप्तमीला अठरा दिवस होते तेव्हा क्षिप्रा कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी ट्रिगर शोधायला बसली, आणि आठ दिवस उरले तरी तिचं काही ठरत नव्हतं.

मानसची ही पहिली संक्रांत. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही केलं तरी चालतं. सांगलीहून सासूबाईंनी काळं झबलं शिवून पाठवलं होतं, हलव्याचे दागिने पाठवले होते. मुकुट कुरिअरमध्ये एका बाजूने चेपला, बाकी सगळं धड आलं. नव्हती ती माणसं. सुजय ट्रेनिंगसाठी दोन महिने शिलाँगला, आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन त्यांना जेमतेम पाच महिने झालेले. येता-जाता नमस्ते म्हणणारे पुष्कळ होते. घरात येऊन टेकणारं कोणी नव्हतं.

"पुढच्या वर्षी करू ना," सुजय फोनवर म्हणाला. "पाच वर्षांपर्यंत चालतं म्हणे."

"पहिलं पुढच्या वर्षी कसं होईल?"

"अगं यार, तसं नाही. एकटी काय काय करशील?"

"करते मी. तू फक्त फोटो बघ."

बोलून गेली आणि मग फोटोचंच डोक्यात बसलं. बघायला कोणी नाही, तर निदान फोटो तरी असा हवा की बघणाऱ्याला वाटावं, काही कमी पडलं नाही. लग्नाआधी नाशिकला ती दोन वर्षं एका स्टुडिओत होती. कॅमेरा आणि फ्लॅश तेव्हाचेच. तळमजल्यावरचं घर, बाहेर धुकं, भर दुपारीही ट्यूब लावावी लागायची. म्हणून तिने फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून एक फोटो काढून पाहिला. झबल्याच्या जागी नुसतं काळं भगदाड, हलव्याच्या दागिन्यांची फिसकटलेली पांढरी रांगोळी, आणि तोंडावर उजेड बसल्यामुळे मानस वीस मिनिटं रडला. त्यानंतर फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना काही होतं का, हे तिने मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत वाचलं.

होत नव्हतं. पण फ्लॅश लांब, कपाटावर, छताकडे तोंड करून ठेवायचा हे ठरलं. आणि लांबचा फ्लॅश उडवायचा तर ट्रिगर हवा.

चांदनी चौकातल्या एका दुकानाला तिने चार वेळा फोन केला. दुकानदार भला माणूस होता.

"ऑप्टिकल सस्ता है मैडम, पर उसको दिखना चाहिए. सामने कोई खड़ा हो गया तो गया काम से."

"सामने कोई खड़ा नहीं होगा."

"मेहमान वगैरह?"

"कोई नहीं होगा, भैया."

"फिर भी रेडियोवाला लीजिए. दीवार के पार भी चलता है. सब यही ले जाते हैं."

"बच्चे के पास रखा तो कुछ होगा तो नहीं?"

"मैडम, खिलौने की गाड़ी भी इसी पे चलती है!"

रेडिओवाला आला. दोन काळ्या डब्या. एक कॅमेऱ्यावर बसवायची, एक फ्लॅशखाली. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की लांबचा फ्लॅश उडतो. क्षिप्राने सेल घातले, फ्लॅश कपाटावर ठेवला, मानसला चटईवर बसवलं, एका हातात बोरांची वाटी घेतली, आणि तिच्या लक्षात आलं की कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिपाईवर आहे.

रेंज, सेल, चॅनल, सगळं तिने बघितलं होतं. ही डबी फ्लॅश उडवते, कॅमेरा नाही, हेही तिला ठाऊक होतं. स्टुडिओत चार माणसं असायची. बटण दाबायला कोणी असतंच, ही गोष्ट कधी मोजायची वेळच आली नव्हती. ती वाटी घेऊन तशीच खाली बसली. मानसने तिच्या गुडघ्याला धरून उभं राहायचा प्रयत्न केला आणि बदकन बसला.

फ्लॅश कपाटावरच राहिला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती मानसला खिमट भरवत होती आणि खोली लख्ख झाली. चमचा हातातून पडला. कॅमेरा बंद. कोणी काही दाबलेलं नाही. मिनिटाभराने पुन्हा लख्ख. तिने मानसला उचललं, स्टुलावर चढून सेल काढले आणि धापा टाकत दुकानाला फोन लावला.

"चैनल एक पे है ना?" दुकानदार हसत होता. "डब्बे से एक पे ही निकलता है. आसपास किसी और के पास भी होगा, वो भी एक पे. उसने दबाया तो आपका भी जलेगा. बटन दबाके दो कर दीजिए, बस."

बस. एका बटणाचं काम. पण क्षिप्रा आधी खिडकीशी गेली. तिने लहानपणापासून कुठलाही आवाज कुठून येतो ते बघितल्याशिवाय सोडला नव्हता. सेल पुन्हा घातले आणि बघत राहिली. धुक्यापलीकडे समोरच्या ब्लॉकमध्ये, पहिल्या मजल्यावर, पडद्याआड पांढरं काही लवलं. त्याच क्षणी तिच्या पाठीमागची भिंत उजळली.

खात्रीसाठी तिने आपल्या डबीवरचं फ्लॅश उडवायचं बटण दाबलं. समोरचा पडदा उजळला. एक बाई पडद्याआडून पुढे आली, इकडेतिकडे बघितलं, आत गेली. उगाच कोणाचं दार वाजवून पळाल्यासारखी क्षिप्रा खिडकीखाली वाकली. पुन्हा म्हणून तिने ते बटण दाबलं नाही.

चॅनल मात्र तिने बदललं नाही. उद्या बदलू, म्हणाली. उद्या अकरा वाजता फ्लॅश उडाला आणि मानस हसला. परवा तो अकराच्या आधीच कपाटाकडे मान करून बसला. अकरा ते एक, मधे दहा मिनिटं सुट्टी, बहुतेक चहा. क्षिप्राही मग त्याच सुट्टीत चहा ठेवू लागली. अनोळखी बाईच्या बोटावर आपल्या घरात उजेड पडतो, ही गोष्ट तिने सुजयला सांगितली नाही. तो म्हणाला असता, चॅनल बदल.

तीन दिवस उरले तेव्हा मात्र केस विंचरून, मानसला टोपी घालून ती समोरच्या ब्लॉकमध्ये गेली. बोरन्हाणाला बोलवायचं, एवढंच. जिन्यात दोन लहान सायकली बघून तिला धीर आला; मुलं आहेत म्हणजे खाली पडलेली बोरं वेचायलाही कोणी असेल. दारावर पाटी होती, मोहंती. दार उघडणारी तिच्याच वयाची होती, गळ्यात मेजरिंग टेप, खांदा उंचावून कानाशी फोन धरलेला. मागे खुर्चीवर संबलपुरी साडी पसरलेली, वर छत्रीखाली फ्लॅश.

"पर्पलवाली? वो तो निकल गई, दीदी."

"नहीं, साड़ी नहीं. मैं सामने रहती हूँ. वो... हमारे यहाँ एक होता है, बच्चे के ऊपर बेर डालते हैं."

"बेर?"

"हाँ. ऊपर से. मुरमुरे भी."

"लग जाएगी ना?" ती हसली. मग फोनमध्ये कोणाला तरी, "हाँ हाँ, ब्लाउज़ पीस साथ में है. होल्ड, होल्ड." आणि पुन्हा क्षिप्राकडे वळून, "कितना प्यारा है! अभी थोड़ा बिज़ी हूँ. आइए कभी, आराम से बैठेंगे."

दिल्लीत 'आइए कभी' म्हणजे 'आत्ता नको', एवढं क्षिप्राला पाच महिन्यांत कळलं होतं. फ्लॅशबद्दल सांगावं असं जिभेवर आलं. सांगितलं तर ही शहाणी बाई लगेच आपलं चॅनल बदलेल. ती मानसची टोपी सारखी करून जिना उतरली.

रथसप्तमीला तिने सकाळीच चटईमागे काळी चादर टांगली. बोरं मोठी, निवडून घेतली होती. मानसच्या तोंडात मावणार नाहीत अशी. शेंगदाणे आणि गोळ्या आणल्याच नव्हत्या, चुरमुरे आणि तिळाच्या रेवड्यांचे चुरे, बस. मानसला झबलं घातलं, हार घातला, चेपलेला मुकुट चांगली बाजू पुढे करून बांधला. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावला, धावली, वाटी उचलली, ओतली. फोटोत तिची पाठ आली. दुसऱ्यांदा मानस रांगत कॅमेऱ्याकडे निघाला. तिसऱ्यांदा बोरं पडून झाल्यावर फ्लॅश उडाला. चौथ्यांदा मानस रडायला लागला आणि त्याला छातीशी धरून तीही थोडी रडली. मुकुटाचा एक दाणा तिच्या गालाला चिकटला.

तेवढ्यात कपाटावर लख्ख झालं. अकरा वाजले होते.

मानस रडता रडता थांबला आणि वर बघू लागला. क्षिप्राही बघत राहिली. मग एकदम उठली. खिडकीवर जाड रजई टांगली, ट्यूब बंद केली, स्वयंपाकघरातला झिरोचा दिवा तेवढा ठेवला, म्हणजे मानस घाबरायला नको. स्टुडिओतली जुनी युक्ती: खोली अंधारी असली तर कॅमेऱ्याचं बुबुळ कितीही वेळ उघडं राहू दे, फ्लॅश उडेल तेवढाच क्षण फोटोत येतो. तो फ्लॅश कोणी उडवला, याच्याशी कॅमेऱ्याला काही देणंघेणं नाही. इतक्या दिवसांच्या शोधानंतर घेतलेली डबी तिने कॅमेऱ्यावरून काढून बाजूला ठेवली, कॅमेरा तीस सेकंद उघडा राहील असं केलं, बटण दाबलं आणि शांतपणे चालत मानसपाशी गेली.

ओंजळीतून हळूहळू सोडत राहिली. काही झालं नाही. दुसराही फोटो नुसता काळा. समोर साडी बदलत असणार. निऱ्या नीट बसत नसतील. "थांब हं," ती मानसला म्हणाली, "काकू कामात आहे." तिसऱ्यांदा डावीकडून ओतत असताना लख्ख झालं. वाटीत अजून चुरमुरे होते, कॅमेऱ्याचे तीस सेकंदही संपले नव्हते. ती मानसच्या दुसऱ्या बाजूला गेली, दोन्ही हात वर केले, आणि पुन्हा लख्ख.

मानसला भरवून झाल्यावर, साडेबाराला, तो फोटो तिने सासूबाईंना पाठवला. झबल्याचा टाका न् टाका दिसत होता, हलव्याचा काटा न् काटा. बोरं हवेत थांबलेली. मानस वर बघून हसत होता, जरासा दुहेरी, स्वप्नातल्यासारखा. आणि त्याच्या डोक्यावर, अंधारातून आलेले हात, दोन या बाजूने, दोन त्या बाजूने.

लगेच फोन आला.

"अगं बाई! दृष्ट काढ हो त्याची. आणि बरं झालं बाई कोणाला तरी बोलावलंस. मला आपली धाकधूक, एकटीच करतेस की काय. ही दुसरी कोण गं?"

क्षिप्राने फोटो पुन्हा उघडला. चारही हात तिचेच होते. ते सांगायला तिने तोंड उघडलं.

"समोरच्या आहेत," ती म्हणाली. "मोहंती म्हणून."

"मराठी नाहीत ना? तरी आली, बघ. कुंकू लावलंस तिला? वाण दिलंस?"

"नाही अजून."

"अगं, मग कधी देणार? आजचा शेवटचा दिवस. तशीच पाठवलीस होय!"

"देते, आई. आत्ताच देते."

फोन ठेवून तिने स्टीलच्या डबीत तिळाच्या वड्या भरल्या, वर हळदी-कुंकवाच्या पुड्या ठेवल्या. मानसला झबल्यासकट कडेवर घेतलं, खिडकीवरची रजई काढली. समोरचा पडदा उजळत होता, विझत होता. एवढ्यात दार वाजवलं तर तिचं काम मोडेल. क्षिप्रा चप्पल घालून खिडकीशी उभी राहिली. मागून लख्ख झालं की तिची आणि मानसची मिळून एकच सावली गजांवर पडायची. एक वाजायला अजून वीस मिनिटं होती.